फोटो काढू का, माउली?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, स्टुडिओत गिऱ्हाईक नाही. मी काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो कापत होते. एवढ्यात चाळिशीतली एक बाई आली. पर्समधून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक जुना फोटो काढला. कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो होता तो. पुढे खुर्च्यांवर पुरुष माणसं, खाली सतरंजीवर पोरं आणि मागे उभ्या बायका. त्या मागच्या ओळीत, अगदी कडेला, दोन डोक्यांच्या मधून डोकावणारा एक चेहरा. तांदळाच्या दाण्याएवढा.

"ताई, ही माझी आई. यातनं तेवढी आई वेगळी काढून मोठी करून द्याल का? उद्या तेरावं आहे."

मी भिंग लावून बघितलं. अर्ध्या चेहऱ्यावर पुढच्या बाईच्या पदराची सावली होती. मी विचारलं, "दुसरा एखादा नाही का? आधार कार्डावरचा? मोबाइलमधला?"

ती म्हणाली, "मोबाइलमध्ये आहेत की. पण सगळ्यात ती वाढतेय नाहीतर पाठमोरी आहे. सगळ्यांचे फोटो आहेत हो घरात. आईचाच नाही."

मैत्रिणींनो, तेवीस-चोवीस वर्षं मी हा धंदा करतेय. या वाक्याने मला दर वेळी तेवढंच हलवलं आहे. घरातल्या सगळ्यांचे फोटो असतात, फक्त त्या घराला धरून ठेवणाऱ्या बाईचा नसतो. खरं सांगायचं तर, मी स्वतः फोटोग्राफर असूनही माझीसुद्धा हीच गत होती. ती कशी बदलली, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

लाल दिव्यातली शाळा

मी काही फोटोग्राफी शिकून या धंद्यात आले नाही. १९९३ साली लग्न होऊन या तालुक्याच्या गावी आले, तेव्हा बाजारपेठेत यांचा स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे स्टूल, दोन दिवे, आणि सगळ्यात आत न्हाणीघराएवढी डार्करूम. रंगीत रोल धुवायला शहरातल्या लॅबमध्ये जायचे. पण पासपोर्ट फोटो, शाळेचे, रेशनकार्डाचे असे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आमच्याच डार्करूममध्ये व्हायचे.

सीझनला यांना एकट्याला पुरं पडेना, म्हणून मी मदतीला जाऊ लागले. आधी नुसती प्रिंटा पाण्यात धुऊन चिमट्याला टांगायची. मग हळूहळू सगळंच.

ती लाल दिव्यातली खोली मला फार आवडायची. कोरा पांढरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा. पहिले काही क्षण काहीच होत नाही. वाटतं, बिघडलं वाटतं. मग काळोखातून वर आल्यासारखे आधी केस दिसतात, मग भुवया, मग बुबुळं आणि शेवटी गालावरचा फिका उजेड. कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो, उजेड जिथे पडला असेल तिथे तो डेव्हलपरमध्ये काळा होतो, एवढंच त्यातलं शास्त्र. पण मला दर वेळी ते बाळ जन्माला आल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीला मी घाई करायची. चेहरा दिसला रे दिसला की कागद उचलायची. मग प्रिंट फिकट यायची. हे म्हणायचे, "थांब जरा. त्याला पुरं येऊ दे." आणि कधी हायपोत पुरेसं न ठेवताच उजेडात नेली, तर काही दिवसांत फोटो डागाळायचा. धीर धरायचा, आणि जे आलंय ते पक्कं होऊ द्यायचं. हे दोन धडे मला पुढे आयुष्यात किती ठिकाणी उपयोगी पडणार आहेत, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

तिसरा धडा कॅमेऱ्याचा. उजेड कमी असला की शटर सावकाश ठेवावं लागतं. सेकंदाचा पंधरावा भाग म्हटला तरी तेवढ्यात हात हलतो आणि फोटो हलतो. हे शिकवायचे, "श्वास आत घे. अर्धा सोड. आणि तिथं थांबून बटण दाब." मी हसायचे, म्हणायचे, "हा काय प्राणायाम आहे का?"

२००१ मध्ये एका दुपारी यांच्या छातीत दुखायला लागलं. गाडी मिळून शहरात पोचेपर्यंत उशीर झाला होता. मुलगा सहा वर्षांचा होता.

कॅमेऱ्याला कुठं कुंकू असतं?

दोन-तीन महिने शटर बंदच होतं. नातेवाईक म्हणाले, दुकानाची जागा भाड्याने दे, घरात बसून शिवणकाम कर. मलाही तेच बरं वाटत होतं. माझ्या सासूबाई मात्र गप्प होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचंही कुंकू तिशीतच गेलेलं. त्यांनी शेतात खुरपून एकुलता एक मुलगा वाढवला होता, आणि आता तोही गेला.

मग आमच्याच आळीतल्या एका घरातून लग्नाचं काम आलं. त्यांनी यांना आगाऊ पैसे दिलेले होते. मी पैसे परत करायला गेले, तर त्या घरचे वडील म्हणाले, "वहिनी, तुम्हीच या की. दादांनी शिकवलंय तुम्हाला." त्या भल्या माणसाला काही खटकलं नाही. पण लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्याच एका बाईने दारात येऊन हळू आवाजात सांगितलं, "तुम्ही बाकीचे फोटो काढा. पण हळद नि मंगळसूत्राच्या वेळी जरा बाजूला व्हा. म्हणजे... तुम्हाला कळतंय ना?"

कळत होतं. मलाच आधीपासून कळत होतं. म्हणून तर मी पैसे परत करायला गेले होते. पण सांगा बरं, मंगळसूत्र बांधतानाचाच फोटो काढायचा नाही, तर लग्नाच्या फोटोग्राफरने काढायचं काय? पंगती?

मी घरी येऊन कॅमेरा कपाटात ठेवला. आत्या चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली, फुगेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "कॅमेऱ्याला कुठं कुंकू असतं गं? तो बघायचं काम करतो. तुझं काम बघायचं हाय. जा, आन नीट बघ."

दुसऱ्या दिवशी गेले. हळदीच्या वेळी त्या बाईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं नाही. मंगळसूत्र बांधताना नवऱ्या मुलाची बोटं थरथरत होती. भटजींचा आवाज, वाजंत्री, अक्षता... आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. व्ह्यू फाइंडरमधून काही दिसेना. तेव्हा कुणीतरी कानात बोलल्यासारखं आठवलं, श्वास आत घे, अर्धा सोड, थांब. मी थांबले आणि बटण दाबलं.

तो फोटो चांगला आला. लॅबमधून आला त्या दिवशी मी आत्यांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "पोरगीचं तोंड बघ, कसं भरून आलंय." नवरीकडे कुणाचं लक्ष गेलं, तर एका विधवेचं. मला वाटलं, शुभ-अशुभ म्हणतात ते कुणाच्या डोळ्यांत असतं, हे आधी तपासायला हवं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं, ती बातमी मी आत्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्या एवढंच म्हणाल्या, "कागदावर आलं म्हणजे आता हळूहळू मनातबी येईल." डार्करूममध्ये त्या कधी पाय ठेवत नसत. पण उलटा क्रम त्यांना बरोबर ठाऊक होता. आमच्याकडे आधी मनात यायचं, मग कागदावर!

होमाईंची गोष्ट

त्या दिवसांत कुणीतरी मला होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगितलं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली गुजरातमध्ये नवसारीला पारशी कुटुंबात जन्म. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. कॅमेरा हातात दिला तो माणेकशा यांनी, पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. गंमत बघा, सुरुवातीला होमाईंनी काढलेले फोटो छापून यायचे ते माणेकशांच्या नावाने! कारण बाईचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

१९४२ मध्ये हे जोडपं दिल्लीला गेलं. साडी नेसलेली, खांद्याला जड कॅमेरा अडकवलेली ही बाई सायकलवरून कामाला जायची. स्वातंत्र्याच्या वेळचे सोहळे, गांधीजींची अंत्ययात्रा, पंडित नेहरूंची कितीतरी रूपं तिने टिपली. सगळे पुरुष, त्यात ही एकटी. 'डालडा १३' हे त्यांचं टोपणनाव. जन्मसाल १९१३, नवऱ्याची ओळख झाली ती तेराव्या वर्षी, आणि पहिल्या गाडीचा नंबर डी.एल.डी. १३. तेरा म्हणजे अशुभ, असं मानणाऱ्या जगाला त्यांनी आपल्या सहीतच उत्तर देऊन टाकलं.

१९६९ मध्ये माणेकशा गेले आणि पुढच्याच वर्षी होमाईंनी व्यवसायाला रामराम ठोकला. नव्या फोटोग्राफर मंडळींचं वागणं, धक्काबुक्की, शिस्त नसणं त्यांना रुचलं नाही, असं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं. नंतरची कितीतरी वर्षं त्या बडोद्याला अगदी साधेपणाने राहिल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ च्या जानेवारीत, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.

मी पुष्कळदा विचार करायची. नवरा गेल्यावर होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला आणि मी तो उचलला. यात कोण बरोबर, कोण चूक असं काही नाही. त्यांच्याजवळ आपल्या मर्जीने थांबण्याएवढी ताकद होती. मला चालू लागण्यासाठी ती हवी होती. पण माणसांना ढकलून फोटो काढायचा नाही, हा त्यांचा कटाक्ष मला समजला तो मात्र स्वतः चूक केल्यावरच.

"मी दिसले न्हाई व्हय?"

२००४ ची आषाढी वारी. एव्हाना माझा हात बसला होता. वर्तमानपत्रात रिंगणाचे मोठमोठे फोटो यायचे, तसा एक आपणही काढावा, फ्रेम करून स्टुडिओत लावावा, अशी मनात हौस होती. म्हणून लोणंदहून तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब आहे, तिथे गेले. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधून अश्व धावतात. एकावर भगवी पताका घेतलेला स्वार असतो, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या घोड्यावर माउली स्वतः असतात, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. घोडे गेले की माणसं त्यांच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात.

रोलमध्ये छत्तीस फोटो. मला तो एकच हवा होता, घोडा हवेत असतानाचा. डोळा कॅमेऱ्याला लावून मी मागे मागे सरकत होते. मागे कोण आहे याचं भान नव्हतं. आणि धप्पकन कुणावर तरी आदळले. पितळी भांडं पडल्याचा आवाज झाला. वळून बघते तर नऊवारीतली एक म्हातारी खाली बसलेली आणि तिच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन मातीत आडवं झालेलं. तुळशीची फांदी मोडली होती.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आजूबाजूच्या बायकांनी तिला उठवलं. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. तिने माती पुसली, तुळस नीट केली, वृंदावन परत डोक्यावर ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डोळ्याला ते लावलंस म्हनून मी दिसले न्हाई व्हय, माउली?"

एवढंच. ना राग, ना टोमणा. खरंच तिला जाणून घ्यायचं होतं. घोडे केव्हाच निघून गेले होते.

मी तिच्या पाया पडले, तर तिनेही वाकून माझ्या पायाला हात लावला. वारीत असंच असतं, समोरचा प्रत्येक जण माउली. मी म्हटलं, "तुमचा एक फोटो काढू का, माउली?" ती लाजली, पदर सारखा केला. "काढ की. पर मला कवा दिशील?"

त्या वेळी कॅमेऱ्याच्या मागे पडदा नव्हता, लगेच दाखवायची सोय नव्हती. मी म्हटलं, "देते. नक्की देते." तिने दिंडीचा नंबर सांगितला आणि टाळांच्या आवाजात चालू लागली. नाव विचारायचं मी विसरले.

घरी आल्यावर रोल धुऊन आणला. घोड्याचे सगळे फोटो बिघडलेले. एक मात्र लख्ख आला होता. मोडकी तुळस डोक्यावर घेऊन हसणारी ती माउली. मोठा करून लावावा असा फोटो. पण लावता येईना. तिचा होता तो. देते म्हणून सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी मी तो फोटो पुठ्ठ्यात घालून पुन्हा वारीला गेले. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना नंबर असतात, क्रम ठरलेला असतो, म्हणून दिंडी सापडली. ती मात्र आली नव्हती. गुडघ्यांनी दगा दिला होता. तिच्या गावची एक बाई म्हणाली, "द्या, मी देते." फोटो बघून तिने हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. तो हातोहात फिरला. मग एकीने विचारलं, "माझा काढशील का गं?" दुसरीने विचारलं. तिसरीने. त्या दिवशी छत्तीसच्या छत्तीस फोटो मी बायकांचे काढले. घोड्याचा एकही नाही. आणि या वेळी प्रत्येकीचं नाव-गाव वहीत लिहून घेतलं.

त्याच्या पुढच्या वर्षी ती गावची बाई मला शोधत आली. कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. पुडीत वाळलेल्या मंजिऱ्या होत्या. "तिनं दिल्यात. मोडली तीच तुळस हाय, म्हनाली. तुज्या दुकानाफुडं लाव म्हनाली."

स्टुडिओच्या पायरीपाशी जी तुळस आहे ना, ती त्यातली. मूळ रोप केव्हाच गेलं. त्याच्या मंजिऱ्यांची, त्यांच्याही मंजिऱ्यांची रोपं आता गावात चार-पाच घरांत आहेत.

बघणं आणि दिसणं

माझा अध्यात्माचा काही अभ्यास नाही. पोथी वाचायला बसले तर मन हिशेबात जातं. पण एक गोष्ट ध्यानात आली. आपण देवळात जातो त्याला काय म्हणतो? 'दर्शनाला चाललो' म्हणतो. दर्शन म्हणजे बघणं. मागणं नंतरचं. पंढरपुरात तासन् तास बारी धरायची आणि विठोबाच्या समोर मिळतो एखादा क्षण. गर्दी असेल, शरीर साथ देत नसेल, तर कितीतरी वारकरी कळसाचं दर्शन घेऊन समाधानाने माघारी फिरतात. मला आधी याचं नवल वाटायचं. एवढं चालून आलात, आणि नुसता कळस?

मग मीही एकदा बारीत उभी राहिले. कॅमेरा बाहेर ठेवलेला. हात रिकामे, गळा रिकामा. सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मग पुढच्या बाईच्या पाठीवरचा घाम दिसला, तिच्या कडेवरच्या पोराचा पाय माझ्या पोटाला लागत होता तो जाणवला. कुणीतरी मला पाणी दिलं, कुणी केळं दिलं. विठोबापुढे पोचले, पायावर डोकं ठेवलं आणि डोळे आपोआप मिटले. म्हणजे जे बघायला आले, तिथेच डोळे मिटले! बाहेर आल्यावर हसू आलं. आपण देवाला बघायला जातो असं आपल्याला वाटतं. कदाचित आपण त्याला दिसायला जात असू.

त्या म्हातारीचा प्रश्न तोच होता ना? मी दिसले नाही का? मला वाटतं, आपल्या सगळ्या बायकांचा तोच प्रश्न आहे. आपण तो विचारत नाही एवढंच.

तेव्हापासून मी एक नेम केला. कुणाचाही फोटो काढण्याआधी कॅमेरा खाली ठेवून त्या माणसाकडे एकदा नीट बघायचं. नाव विचारायचं. पासपोर्टचा फोटो असला तरी. आणि काढलेला फोटो ज्याचा त्याला पोचवायचा. धंद्यात याने तोटा होतो असं लोक म्हणतात. माझा तरी झाला नाही. पुढे डिजिटल आलं, डार्करूममध्ये आता लग्नाच्या अल्बमचे खोके आहेत. मोबाइल आल्यावर निम्मा धंदा गेला. पण ज्यांची नावं विचारली होती, ती माणसं गेली नाहीत.

२०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. स्टुडिओचं शटर बंद होतं. पण रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर फोटो यायचे. "ताई, यातला वडिलांचा तेवढा काढून द्या." "वहिनी, आईचा आहे, मागचे लोक काढून टाका." शेवटचं तोंडही बघायला न मिळालेली माणसं ती. मी घरी बसून एकेक चेहरा स्वच्छ करायची. ज्यांचा एकही धड फोटो नव्हता, अशांमध्ये बायकाच जास्त होत्या. त्या दिवसांत मी माझ्याच घरातली भिंत बघितली. यांचा हार घातलेला फोटो. मुलाचे पहिलीपासून कॉलेजपर्यंतचे. आत्यांचा एकही नव्हता. माझाही नव्हता.

स्टुलावर बसले तेव्हा

आत्या फोटोला कधी तयार व्हायच्या नाहीत. "कशाला आता? कुंकवाविना काय फोटो काढायचा?" एरवी कॅमेऱ्याला कुठं कुंकू असतं म्हणणारी ही बाई! आपल्यासाठी एक नियम आणि सुनेसाठी दुसरा. सुनेसाठीचा मोठ्या मनाचा होता, हे आमचं नशीब.

कोरोना ओसरल्यावर एक दिवस मी त्यांना म्हटलं, "आत्या, तुमच्या नातवाला उद्या त्याच्या पोरांना दाखवायचं झालं, की ज्या बाईने शेतात खुरपून हे घर उभं केलं ती कशी दिसायची, तर तो काय दाखवेल? रेशनकार्ड?"

त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोतिया रंगाचं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसल्या. "काढ."

मी स्टुडिओतले दिवे लावले नाहीत. दाराशी सकाळचा मऊ उजेड होता, तिथेच त्यांना तिरकं बसवलं. कॅमेरा खाली ठेवून आधी त्यांच्याकडे बघितलं. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं एका घरात राहून मी त्यांच्याकडे इतकं निवांत कधी बघितलंच नव्हतं. डाव्या भुवईवर विळ्याची जुनी खूण आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.

फोटो झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता तू बस."

"मी? माझा कोण काढणार?"

"मी काढते. दाव मला, कुठं दाबायचं."

मी त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि यांनी कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना बसवलं, त्या स्टुलावर जाऊन बसले. मैत्रिणींनो, एवढी वर्षं मी लोकांना सांगत आले, "सरळ बसा, हनुवटी जरा खाली, हसा." पण तिथे बसल्यावर कसं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. हात कुठे ठेवावेत समजत नाही. आपलं तोंड आपल्याला जड होतं. कुणीतरी आपल्याकडे बघतंय, आणि काहीही काम न करता नुसतं बसून राहायचंय, याची इतकी सवय गेलेली असते!

पहिल्या फोटोत माझं डोकं कापलं गेलं. दुसऱ्यात नुसता पडदा आला. तिसऱ्याच्या वेळी आत्यांचा हात थरथरायला लागला, तशी मी सवयीने म्हटलं, "आत्या, श्वास आत घ्या. अर्धा सोडा. थांबा. आता दाबा."

"व्हय, त्यो पन असंच म्हनायचा," आत्या म्हणाल्या. आणि आम्ही दोघी एकदम हसलो. हसता हसता त्यांनी बटण दाबलं.

तो फोटो हललेला आहे. अर्धा दरवाजा आलाय, माझे डोळे मिटलेत, तोंड उघडं आहे. फोटोग्राफीच्या कुठल्याच परीक्षेत पास होणार नाही. पण मी तो मोठा करून काउंटरच्या मागे लावलाय. शेजारी आत्यांचा लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, "वहिनी, स्वतःचाच फोटो असा हललेला कसा?" मी सांगते, "माझ्या सासूबाईंनी काढलाय. आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत त्या."

परवा त्या बाईला तिच्या आईचा फोटो जमेल तेवढा नीट करून दिला. पैसे घेतले नाहीत. मात्र तिला स्टुलावर बसवून तिचा एक फोटो काढला आणि म्हटलं, "हा तुमच्या मुलीसाठी. नंतर तिला ग्रुप फोटोत शोधायला लावू नका."

एवढं नक्की करा

• या आठवड्यात आईचा, सासूबाईंचा, आजीचा एक फोटो काढा. त्या वाढत असताना नको, निवांत बसलेल्या असताना. खिडकीशी किंवा दाराशी तिरकं बसवा, फ्लॅश नको. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला धरा.

• मोबाइलमधल्या फोटोंवर विसंबू नका. फोन हरवतो, बिघडतो. वर्षातून चार-पाच तरी फोटो छापून घ्या.

• फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहा. पेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उमटतो.

• चिकट पानांच्या अल्बममधले फोटो कालांतराने पिवळे पडतात. कोपऱ्यांत अडकवायचे अल्बम बरे. ओल असलेल्या भिंतीवर फ्रेम लावू नका.

• जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, फाटेल. काचेसकट स्टुडिओत न्या, वरूनच त्याची कॉपी करता येते.

• आणि स्वतःचा फोटो काढून घ्या. "मी काय, नेहमीचीच" असं म्हणून बाजूला होऊ नका. काढणाऱ्याचा हात थरथरला तरी चालेल.